लेव्हल बसू दे

८ फेब्रुवारी. बसवनगुडी, बंगळूर
आज टाके काढले. कमरेखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढी बॅटरी. तिथून दोन बारीक तारा मणक्यात. दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायच्या आत अडवायचा, असं हे मशिन. डॉक्टर म्हणाले, निम्मं दुखणं कमी झालं तरी यश समजा, नरसिंहराव. निम्मं कशाला? मी शंभर टक्के धरून चाललोय.
सात वर्षं पाठीने घरात बसवलं. आता संकल्प. गोळ्या बंद. रोज सकाळी लालबागेत फिरायला. आणि होसकोट्याला अण्णाकडे जाऊन यायचं.
अण्णा म्हणजे थोरला भाऊ, आप्पाजी. त्याची फुप्फुसं आखडत चालली आहेत, घरीच ऑक्सिजन लावलाय. अंतर तीस किलोमीटर. चार वर्षांत गेलो नाही. कारण पाठ. दुसरं काही नाही.

११ फेब्रुवारी, सकाळी ६
मशिनच्या कंपनीतल्या सौम्याने काल रिमोट शिकवला. लेव्हल वाढवली की दुखण्याच्या जागी मुंग्या येतात. खोकलो तर झटका. गोदूला म्हणालो, बायकोपेक्षा हे बरं ऐकतं. ती हसली नाही. सात वर्षं माझे मोजे तीच चढवते, त्यामुळे दमली असेल.

२४ मार्च
वाकू नका, वळू नका, उचलू नका, याचे सहा आठवडे संपले. लालबागेत गेलो. म्हणजे गेटपर्यंत. तिथे बाकावर अर्धा तास बसलो, काही त्रास नाही. गोळ्या बंद आहेत. संध्याकाळची सोडून.
अण्णाचा फोन. वाक्याच्या मध्ये थांबून श्वास घेतो. म्हणाला, ये रे, स्वल्प बोलायचं आहे. म्हणालो, लेव्हल बसू दे. सरी, म्हणजे बरं, म्हणाला.

९ एप्रिल, युगादी, म्हणजे पाडवा
जाणारच होतो. टॅक्सी सांगितली होती. सकाळी पाहतो तर बॅटरी चार्ज नाही. चार्जिंगचा पट्टा बांधून पाऊण तास बसावं लागतं. टॅक्सी रद्द केली. गोदू म्हणाली, पाऊण तासच ना, टॅक्सीवाला थांबला असता. तिला यातलं कळत नाही.
बॅटरी पाऊण तासात भरली. चार होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, खाल्ल्या.

२ मे
तपासणी. सौम्याने विचारलं, अजून काय जमत नाही? होसकोट्याला जाणं, म्हणालो. मेट्रोच्या दारातल्या तपासणी मशिनची भीती सांगितली. ती म्हणाली, कार्ड दाखवा, बाजूने सोडतील. गोदू म्हणाली, होसकोट्याला मेट्रो कुठे जाते? मग सौम्या म्हणाली, टॅक्सीने जा, फक्त मशिन चालू असताना स्वतः गाडी चालवू नका. मला गाडी चालवता येत नाही, हेही गोदूनेच सांगितलं.

११ मे
मल्लेश्वरमला मुलाकडे, सुमंतकडे जेवायला गेलो. ऑटोने. परतताना गोदू म्हणाली, मल्लेश्वरमला ऑटोने जाता येतं.
एकदा लिहून टाकतो, म्हणजे विषय संपेल. चार वर्षांपूर्वी अभिमन्यूच्या, म्हणजे अण्णाच्या मुलाच्या लग्नात, पाहुण्यांसमोर अण्णा म्हणाला होता, आमच्या नरसूची पाठ काम निघालं की बरोबर दुखते. सगळे हसले. मी पानावरून उठलो. तेव्हा खरोखरच दुखत होती, हे गोदूला माहीत आहे.
मनात काही ठेवलेलं नाही. त्याला पस्तावा झाला असेल तर मोठ्या मनाने ऐकून घेणार आहे. १९ तारखेला, रविवारी, नक्की.

१८ मे
चार्ज पूर्ण. शर्ट इस्त्री केला. अण्णासाठी चिकू आणले, मऊ बघून.

१९ मे
आभाळ आलंय. ओल्यात बॅटरीचं काय होईल सांगता येत नाही. गोदू म्हणाली, बॅटरी कातडीच्या आत आहे. ते खरं. तरी. एका आठवड्याने काय फरक पडतो?
चिकू आम्हीच खाल्ले.

२३ मे
पहाटे अभिमन्यूचा फोन. अण्णा गेला.
गोदू तयार होऊन दारात उभी राहिली. मला पलंगावरून उठवेना. खरंच उठवेना. लेव्हल नऊपर्यंत नेली, मुंग्या बरगड्यांपर्यंत आल्या, पाठ तशीच. म्हणालो, तू पुढे हो. ती सुमंतबरोबर गेली. माझे मोजे खुर्चीवर तसेच राहिले.
सौम्याला फोन केला, मशिन बिघडलंय म्हणून. तिने रिमोटवरचे आकडे वाचायला लावले. मशिन उत्तम चाललंय, म्हणाली.

४ जून
तेरावा. होसकोट्याला जाऊन आलो. टॅक्सीने एक तास दहा मिनिटं. लेव्हल दोनवर. दुखलं नाही.
तानूवहिनींनी भिंतीशी असलेली उंच, सरळ पाठीची खुर्ची पुढे केली. म्हणाल्या, बसा भावजी, ही तुमचीच आहे. आमचा दिवाण बसका, नरसूला त्यावरून उठता येणार नाही, असं म्हणून फेब्रुवारीतच करून घेतली होती यांनी. सुताराला तुमची उंची फोनवर सांगत होते.
विचारलं, अण्णाला काय बोलायचं होतं? म्हणाल्या, मला नाही सांगितलं. तुम्ही आल्यावर तुम्हालाच सांगणार होते.
बसलो. खुर्ची बरोबर उंचीची झाली आहे.
वहिनींनी विचारलं, येताना पाठ फार दुखली का? म्हणालो, खूप.
त्या आत जाऊन उशी घेऊन आल्या.