हॅलबर्नचा पहिला नंबर

७ ऑगस्ट, गुरुवार
देवापुढे बसून ठरवलं. दादांची गाडी भंगारात जाऊ द्यायची नाही. दादा म्हणजे माझे सासरे. गाडी हॅलबर्न, दोघंच बसतील अशी, शर्यतीची, लाल. आता लाल फक्त दाराच्या आतून.
पोळ्याला इचोड्याचा भंगारवाला येणार, असं ह्यांनी परस्पर सांगून टाकलंय. गणपतीला हेरंब हैदराबादहून नवी कार आणतो, ती शेडमध्ये राहील म्हणे. मुलाच्या कारला अंगण चालत नाही!
मी शांत आहे. नागपूरच्या जुन्या गाड्यांच्या क्लबला फोन केला. शर्यतीत धावलेली गाडी असली तर ते नेतात, दुरुस्त करून सांभाळतात. फक्त पुरावा पाहिजे. पुरावा देवघरात आहे, चांदीचा कप. दादा शेवटच्या दुखण्यात मला म्हणाले होते, तू मॅट्रिक आहेस, गाडी तुझ्या हवाली. ह्या घरात दुसऱ्या कोणी माझी मॅट्रिक कधी काढली नाही.
क्लबचे भूषण साहेब २० तारखेला येतील. तोवर कोणाजवळ बोलायचं नाही.

८ ऑगस्ट
भागीरथाला सांगितलं. शेजारीणच आहे. भजनाला आलेल्या चौघींनी आपणहून ऐकलं.

११ ऑगस्ट, श्रावणी सोमवार. उपास
क्लबसाठी गाडीचा इतिहास लिहायला घेतला. हेरंबच्या शाळेच्या वहीतली कोरी पानं कामी आली. दादांनी मला एकच शर्यत सांगितली होती. १९५० साल, इचोडा ते उटनूर, जत्रेचा दिवस, पहिला नंबर. एवढ्या मोठ्या पानावर एक ओळ उघडी दिसते. आणि अशी गाडी एकदाच कशी धावेल? तीन शर्यती लिहिल्या. खोटं नाही, अंदाज आहे.
ह्यांनी वाचून विचारलं, बाकीचे दोन कप कुठं गेले? मी म्हटलं, दादा उदार होते.

१४ ऑगस्ट, गुरुवार
कप घासला. आधी चिंच, मग राख. दर गुरुवारी घासते, बाळंतपण सोडलं तर एक वार चुकला नाही. आरसा झालाय नुसता.
शर्यती आता सात. एक मद्रासला. उपाशी पोटी सुचलं, म्हणजे देवानंच सुचवलं.
ह्यांचं एकच, पोळ्याला शेड रिकामं. आठ दिवस राहिले. टायरांना मी हळदकुंकू लावून आले. टायरात हवा नाही, पण देव आहे.

१८ ऑगस्ट
साक्षीदार मिळाला! आमच्या आत्याबाई जयवंताबाई, दादांची धाकटी बहीण, मुधोळच्या. त्या शर्यतीत दादांच्या शेजारी त्याच बसल्या होत्या, तेरा वर्षांच्या. फोनवर म्हणाल्या, हौ वो, पयलाच नंबर! येते मी सांगाले.
आता काळजी मिटली. फराळाचं ताट मात्र तसंच राहिलं. उपासामुळे असेल.

२० ऑगस्ट, सकाळी सात
उपास सोमवारीच सुटला, हे आत्ता लक्षात आलं. कप पुन्हा एकदा पुसला. आत्याबाई कालच आल्या, ओसरीवर चहा पितायत. हे पेपरामागे. फाटकाशी मोटार थांबली.

२० ऑगस्ट, दुपार
साहेबांनी आधी सात शर्यती वाचल्या. मद्रासपाशी चष्मा पुसला. मग कप मागितला. भिंग लावून फिरवून फिरवून बघितला. अक्षरं कुठंयत, म्हणाले. वर ‘प्रथम’ आणि खाली ‘जोडी’, मधलं सगळं सपाट. कशानं घासता, विचारलं. मी अभिमानानं चिंच-राख सांगितली, गुरुवारसुद्धा सांगितले. त्यांनी भिंग खिशात ठेवलं. पेपरामागून आवाज आला, पुरावा हिनंच खाल्ला.
जोडी म्हणजे गाडी आणि चालवणारा, असं मी लगेच समजावलं. साहेब मान डोलावणारच होते. तेवढ्यात मीच म्हटलं, आत्याबाई, सांगा साहेबांना.
आत्याबाईंनी सांगितलं. दोनच गाड्या होत्या. दुसरी चालूच झाली नाही. आमची नाल्यात फसली. भगवानराव पाटलांचे बैल शंकरपटाच्या बैलशर्यतीसाठी जत्रेत चालले होते, त्यांना जुंपून ओढली. बैलांना जत्रेची हलगी ऐकू आली अन् जे सुटले, ते गाडीसकट पटात घुसले. सगळ्या जोड्यांच्या पुढं! दादा स्टिअरिंग धरून ओरडून राह्यले, थांबवा रे, अन् मी हासून राह्यले. कप बैलांनाच भेटला. पाटील म्हणे, कप तुमी ठेवा साहेब, बैलं हायत ना मायाजवळ.
साहेबांनी चहा पूर्ण घेतला. माणूस चांगला. जाताना म्हणाले, काकू, अशी शर्यत मी कधी ऐकली नाही, पण आमच्या नियमात बसत नाही.
ह्यांनी पेपर खाली ठेवला. हसतील वाटलं होतं. हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

२२ ऑगस्ट, पोळा
भंगारवाल्याचा ट्रक गल्लीत वळेना. कोपऱ्यापर्यंत गाडी न्यायची होती. ह्यांनी बैलजोडी विचारली. लोक म्हणाले, साहेब, आज पोळा, आज कोण जुंपते? म्हणून आम्हीच ढकलली. हे, मी, भागीरथा, ट्रकवाला. आत्याबाई हट्टानं आत बसल्या, आपल्या जुन्या जागेवर. कोपऱ्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, बैलंच बरे होते वो, कण्हत नव्हते.
मी रडले नाही. चढ होता, घाम होता.
संध्याकाळी वेशीत सजवलेल्या बैलांना ओवाळलं. पुरणपोळी कपात घालून नेली. एका बैलानं पोळी खाल्ली आणि कप चाटला. अगदी आतपर्यंत.
येत्या गुरुवारी घासायला काही उरलं नाही.