आईचा आवाज कसा, ते सांग

३ मार्च १९८६, शामशुईपो, हाँगकाँग

पडलो! परांचीवरून, दुसऱ्या मजल्यावरून. खाली वाळूचा ढीग होता म्हणून वाचलो. सहा वर्षं बांबू बांधतोय — पाय कधी घसरला नव्हता. मॅक उस्ताद म्हणाले, "हाड एक मोडलं नाही. तुझ्यापेक्षा माझ्या बांबूचंच नुकसान जास्त, गाढवा!" सगळे हसले. मीही.

६ मार्च

झोप नाही. वर चढलो की बांबूलाच मिठी मारून बसतो. आज गाठच बांधता येईना.

७ मार्च

घरमालकीण — तिला सगळे सातवी आत्या म्हणतात — मला बघून म्हणाली, "भेदरलायस पोरा. जीव तुझा तिथंच वाळूत राहिलाय. हाक मारून आणायला हवा."

हे आईचं काम. मुलाचा सदरा घेऊन दारात उभं राहायचं, तांदूळ उधळायचे, नाव घेऊन घरी बोलवायचं. पण आई गावाला, तिकडे चीनमध्ये, कँटनच्याही पलीकडे.

"मी मारते हाक. पण जीव परक्या आवाजाला येत नाही. तिचा आवाज कसा, ते सांग. बदकासारखा? असा?" — आणि काढून दाखवला!

"नाही."

"मग कोंबडीच्या पिलासारखा? की चवळीच्या पुरणासारखा, जाडसर, घोगरा?"

सांगताच येईना. सात वर्षं झाली, भांडून निघालो त्याला. "जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस!" — शब्द सगळे आठवतात. आवाज नाही.

८ मार्च

उस्ताद म्हणाले, "सोमवारी चढ. नाहीतर दुसरं काम बघ."

९ मार्च, रविवार

गावच्या दुकानात फोन लावला. म्हटलं, आईला बोलवा. अर्धा तास थांबलो. मग नुसता श्वास.

"आई? बोल ना. शिवी दे हवं तर!"

श्वासच. मग धाकटी बहीण, आ-लिन — "दादा! जिवंत आहेस? सोमवारी दुकानात तुझ्या उस्तादांचा फोन आला, 'तुमचा मुलगा वरून पडला' एवढंच ऐकू आलं, नि फोन तुटला. आई मटकन खाली बसली. तेव्हापासून तोंडातून अक्षर नाही. आत्ताही रडतेय — आवाज नाही रे!"

१० मार्च, सोमवार

चढलो नाही. कँटनच्या गाडीत आहे. तांदूळ आत्यानं बांधून दिले.

दारात उभं राहून आईच्या जिवाला हाक मीच मारणार. तिचं नाव घ्यावं लागेल. आजवर कधी घेतलेलं नाही.