फिनलंडचे अकरा विषय

१ ऑक्टोबर, सकाळी ७
फिनलंडच्या युनिव्हर्सिटीचं पोर्टल आज उघडलं. जानेवारीपासून एक सेमिस्टर आपण तिकडं! आख्ख्या कॉलेजातून एकच जागा, अन् ती मले. विषय आपले आपणच निवडायचे. मुदत पंधरा तारीख, त्यांचे दुपारचे बारा, म्हणजे आपले अडीच. पंधरा दिवस! एवढ्यात लोक पोरी पाहून लग्न उरकतात.
संकल्प: रोज दोन विषयांची माहिती वाचायची. उद्यापासून.

३ ऑक्टोबर
ताराचंद सरांना भेटलो. एक्स्चेंजचं सगळं तेच पाहतात. म्हणे पाच विषय घे, पंचवीस क्रेडिट होतात, त्याहून जास्त झेपत नाई. वीसच्या खाली गेला तर कॉलेज पाठवणार नाई, जागा वेटिंगवरच्या मोहिनीले जाईल. म्हणे आजच भर, चांगले विषय लवकर फुल होतात.
सर माणूस भला, पण स्वप्न लहान. इथं आपण आठ विषय घेऊन वर दोन बॅकलॉग काढतो. तिथं पाच घेऊन काय माशा मारत बसू? अकरा निवडले. पंचावन्न क्रेडिट.
आजच भरणार होतो. तेवढ्यात बाबांचा फोन. उद्या गावी, आंजीत, सत्कार.

४ ऑक्टोबर
सत्कार नंबर एक, गावच्या सेवा सोसायटीचा. शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स. फोटो दहावीच्या हॉलतिकिटावरचा. कोणी दिला?
भाषणात अकरा विषय जाहीर केले. काय टाळ्या! पाच म्हटलं असतं तर कुत्रं भुंकलं नसतं. रूपराव काका, सोसायटीचे अध्यक्ष, म्हणे पोट्ट्यानं आंजीचं नाव काढलं. आई रडली. बाबा आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडं पाहून हसले.

७ ऑक्टोबर
अकरा विषयांचं टाइमटेबल मांडलं. मंगळवारी दहाले तीन क्लास एकाच वेळी. हे त्यांच्या प्लॅनिंगचं अपयश. उपाय: प्रत्येकात वीस-वीस मिनिटं बसायचं.
संध्याकाळी सत्कार नंबर दोन, जुनी शाळा. शिपाई लहानूभाऊंनी विचारलं, तिकडं काय शिकशीन? म्हटलं, सगळंच.

१० ऑक्टोबर
मोहिनी लायब्ररीत दिसली. आष्टीची पोरगी, कमी बोलते. वेटिंगवाल्यांनाही पोर्टल उघडं आहे म्हणे. हिनं पहिल्याच दिवशी पाच विषय भरले अन् कागदावर सरांची सहीसुद्धा घेतली! म्हटलं, तुले कोणी बोलावलं नाई, मंग काऊन करून राह्यली? म्हणे, भरून ठेवलं, त्यात काय जाते?
कीव आली. बिचारीचा एकही सत्कार नाई.

१३ ऑक्टोबर
रोबोटिक्स फुल. मशीन लर्निंग फुल. अकरापैकी आठ फुल! मुदत पंधराची अन् लोक तेराच्या आत भरून मोकळे? ही काय पद्धत झाली? आपल्याकडं मुदत म्हणजे मुदत, अन् वर दोनदा वाढतेसुद्धा. असं काही असतं तर कोणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं.
काल भजनी मंडळाचा सत्कार होता. नंबर तीन. सरांचे सहा मिस्ड कॉल. आता लावून काय उपयोग, रागावतील.

१५ ऑक्टोबर, दुपारी १.५०, केळझर
सत्कार नंबर चार, समाजाचा. कार्यक्रम अकराचा. प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाई. मी स्टेजवर. पाहुणे आल्याशिवाय सत्कारमूर्तीनं उठायचं नसते. एकदा उठलो तर बाबांनी असे डोळे वटारले की बसलोच. मोबाईल शालीखाली धरून लिहितो आहे.

२.०५
उरलेले तीन टाकले. त्यातले दोन एकाच वेळी, म्हणून पोर्टल तिन्ही घेईना. लाल लाल लाल.

२.२०
पाहुणे आले. मले दिवा लावायले उठवलं.

२.२८
जे हिरवं दिसलं ते दाबलं. सबमिट झालं! फिनिश भाषा प्राथमिक, तीन क्रेडिट. बर्फावर घसरणे, दोन. वाफेच्या खोलीत बसायची संस्कृती, एक. एकूण सहा. कमी आहेत, पण प्रॅक्टिकल आहेत. बाकीचं सर जमवतील.

३.१५
भाषणात अकराच म्हटलं. आता बदललं तर बरं दिसत नाई.

१८ ऑक्टोबर
सरांनी बोलावलं. जागा मोहिनीले. म्हटलं, सर, एखादं पत्र देऊ, बाबांची वरपर्यंत ओळख आहे. सर म्हणे, तिकडच्या कॉम्प्युटरले तुझे बाबा माहीत नाई. म्हटलं, तुम्हीच जोर देऊन सांगायले पाहिजे होतं. सर चष्मा पुसत बसले.
पार्किंगमध्ये येऊन गाडीवर बसलो. रडलो. चूक माझीच होती काय? असं इथं लिहून ठेवायची गरज नाई.

१९ ऑक्टोबर
बाबांना सांगितलं. ओरडले नाई, हेच वाईट. म्हणे, चार सत्कार घेतले बाप्पा, आता लोकाईले काय तोंड दाखवू? जानेवारीत ठरल्याप्रमाणं फिनलंडले म्हणून निघ. वर्ध्याले कॉलेजजवळच्या खोलीवर राह्य. जूनपर्यंत गावात दिसू नको.

५ जानेवारी
गावानं बसस्टॉपवर हार घालून निरोप दिला. बँड होता. अर्ध्या तासात वर्ध्याले उतरलो.
संकल्प: या सेमिस्टरच्या आठही विषयांत डिस्टिंक्शन.

११ फेब्रुवारी
आठपैकी तीन विषयांची पुस्तकं अजून घ्यायची आहेत.
दुपारी आईचा फोन. शेजारच्या अन्नपूर्णा काकू बसल्या होत्या, म्हणून स्पीकरवर. आई म्हणे, थंडी हाय का बाप्पा तिकडं? मी बनियनवर, पंख्याखाली. म्हटलं, बर्फ पडून राह्यला. काकूंनी विचारलं, अकरा विषय झेपतात का? म्हटलं, आरामात.
मग काकू गेल्या असतील. आईचा आवाज हळू झाला. म्हणे, भरल्या वांग्याची भाजी केली, तुझ्या वाट्याची काढून ठेवली हाताच्या सवयीनं. एसटीत डबा दिला असता, पण कंडक्टर आपल्याच गावचा, डबा कोणाचा म्हणून विचारन.
म्हटलं, राहू दे. मेसचं जेवण चांगलं असते.
आज मेसले सुटी होती.