फाटकाजवळची पोर

१० एप्रिल १९२२, कास्तेलो टेकडी

आज पुन्हा भिंत तडकली. खाली पाण्याच्या तोफा चालू, दिवसभर ती घरघर. समुद्राचं पाणी उपसून आमच्याच टेकडीवर मारतात. माती चिखल होऊन नळातून खाली जाते, आणि त्या चिखलानं समुद्र बुजवून त्यावर जागतिक प्रदर्शन भरवणार! पोर्तुगालपासून स्वतंत्र होऊन शंभर वर्षं झाली ना. देशोदेशीचे महाल उभे राहणार म्हणे. आम्ही कुठे उभं राहायचं, ते कोणी बोलत नाही.

आणि तोफेच्या नळीवर कोण? आमचाच बेल्मीरो. उतारावरच्या बायका मला ऐकवतात — "देओलिंदा, तुझा नवरा छान घर धुतोय हो आमचं!" काय बोलणार? पोट कोणाला चुकलंय?

१७ एप्रिल

काल ईस्टर झाला. आज सोमवार, मृतात्म्यांचा वार. आमच्या फाटकाजवळ पोरीसाठी मेणबत्ती लावली. वारा फार, सारखी विझत होती.

तिला जाऊन यंदा सातवं वर्ष. बाप्तिस्म्याआधी गेलेलं मूल सातव्या वर्षी मातीतून रडतं, असं आई सांगायची. ज्याला ऐकू येईल त्यानं पाणी शिंपडायचं, नाव ठेवायचं, मग ते सुटतं. माझी तर जन्मली तीच गप्प. पाद्री म्हणाले, बाप्तिस्मा नाही तर पवित्र जमीनही नाही. मी तापानं फणफणलेली. बेल्मीरोनंच तिला नेलं, फाटकाजवळ पुरलं.

कान देऊन बसते मी. पण या तोफांच्या आवाजात काय ऐकू येणार, माझं कपाळ!

२ मे

झेंडे शिवायचं काम मिळालं — प्रदर्शनाचेच. सेराफिम शिंपी कापड आणि चित्रं देऊन गेला. देव जपानचं भलं करो, पांढऱ्यावर एक लाल गोळा की झालं! बेल्जियमही शहाणा, तीन सरळ पट्टे. पण पोर्तुगाल! किल्ले काय, ढाली काय, मागे तो गोल पिंजरा काय! डोळे फुटायची वेळ आली. तीनशे वर्षं आमच्यावर राज्य केलं, तरी छळायची हौस फिटली नाही मेल्यांची.

९ मे

बेल्मीरोला म्हटलं, पाणी इथवर पोचायच्या आत पोरीला काढून घेऊ. कुठेही नेऊ, पण बरोबर नेऊ. जानेवारीत शहर वसवणाऱ्या सरदाराची हाडं टेकडीवरून खाली नेली, सैनिक काय, मिरवणूक काय. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस! माझ्या लेकीला मिरवणूक नको. एक फडकं आणि बापाचे दोन हात पुरेत.

म्हणाला, "बघू."

बघू म्हणजे नाही, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

२० मे

"बघू."

६ जून

मोठं भांडण झालं. नणंद झुल्मीरा भांडी न्यायला आली होती, तिच्यादेखत. म्हटलं, "आधी काय पोचणार तिच्यापर्यंत, तुझ्या तोफेचं पाणी की तुझा हात?" तो चुलीकडे बघत हळूच म्हणाला, "देओ, नको उकरूस. झालं ते झालं."

झालं ते झालं! असा दगड माणूस. झुल्मीरा म्हणाली, "सोड गं. पोट बाईचं दुखतं, पुरुषाला काय कळतंय." मी रडले नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

२७ जून

शनिवारपर्यंत घर रिकामं करा, असा हुकूम आला. खाट, मशीन, देवाची तसबीर एवढंच बांधलं. एका गाडीत मावेल आमचा संसार.

१ जुलै

उकरलं. एकटीनंच.

बेल्मीरो कामावर गेल्यावर कुदळ घेतली. कमरेइतकं खणलं, फाटकाच्या या बाजूला, त्या बाजूला. काही नाही. फडक्याची चिंधीसुद्धा नाही! मुकादम ओरडत आला, "अहो बाई, निघा, भिंत येतेय खाली!" दंडाला धरून ओढलं मला. माझ्या डोळ्यांदेखत फाटक गेलं, खड्डा गेला. लाल चिखल नळात शिरला.

एवढीशी तर होती. मातीत मातीच झाली असणार.

बेल्मीरोला सांगितलं. तो हातातली टोपी फिरवत राहिला.

३ जुलै, मादुरेइरा

झुल्मीराच्या घरी. सोमवार आहे. मेणबत्ती लावू कुठे?

१५ ऑगस्ट

झेंडे पोचवायला प्रदर्शनाच्या जागेवर गेले. गिलावा ओला, मुकादम शिव्या देतायत, महाल अर्धेमुर्धे. पोर्तुगालच्या महालाचे तर नुसते खांब! आणि मी त्या पिंजऱ्यापायी डोळे फोडून घेतले.

पण पाय उचलेना. बुजवलेल्या समुद्रावर ती लाल माती, आमचीच. कुठल्या महालाखाली असेल माझी पोर? चपला काढून हातात घेतल्या. एक गवंडी म्हणाला, "बाई, काही पडलं का तुमचं?"

नाही म्हटलं.

२९ ऑगस्ट

घास उतरत नाही. मशीनला हात लावावासा वाटत नाही. बेल्मीरो भाताची थाळी पुढे सरकवतो — "खा ना गं दोन घास." मी त्याच्याशी बोलत नाही. आज एवढंच बोलले की उद्घाटनाला मी येणार नाही. ज्यांना माझ्या लेकीवर पाय देऊन जग बघायचंय त्यांनी बघावं.

७ सप्टेंबर

सगळं शहर प्रदर्शनाकडे लोटलेलं, आणि बेल्मीरो मला उलट्या दिशेच्या ट्रामनं दफनभूमीत घेऊन गेला. पेरपेतुआबाईंच्या क्रॉसपाशी थांबला. टेकडीवरच्या आमच्या शेजारीण, मी बाळंत झाले त्याच दिवशी वारल्या होत्या.

"ती फाटकाजवळ कधी नव्हतीच, देओ. बाईंच्या घरी रात्री जागायला आलेली माणसं कॉफी प्यायला आत गेली, तेव्हा मी तिला बाईंच्या शवपेटीत ठेवली. शालीखाली, कुशीत. पाद्र्यानं पेटीवर पाणी शिंपडलं ते दोघींवर पडलं. आधी पकडला जाईन म्हणून गप्प बसलो. मग तू मेणबत्त्या लावायला लागलीस. कोणत्या तोंडानं सांगणार?"

त्याच्या छातीवर गुद्दे मारले. मग तिथेच बसले. पेरपेतुआबाई! माझी कोंबडी कुंपणापलीकडे गेली की झाडू घेऊन धावायची ही बाई. एवढी वर्षं शेजारी, पण कधी धड बोललो नाही.

म्हटलं, "बाई, पोर त्रास देत नाही ना?"