फोनवरचा मनकवडा

रविवार, २ फेब्रुवारी. सकाळी ११.
आज पुन्हा चुकलो. सलग तिसरा रविवार. लेकीला फोनवर म्हटलं, मनात एक पत्ता धर. तिने धरला. मी म्हटलं, बदाम राणी. मनकवडेपणाच्या पुस्तकात लिहिलंय की बरीच माणसं बदाम राणीच धरतात. ती म्हणाली, नाही, चौकट पंजी. आता चौकट पंजी कोण धरतं? शहाण्या माणसाच्या मनात चौकट पंजी येतेच कशी? आईवर गेली आहे.

चुकल्यावर मग फोन लांबतो. घरमालकीण रोज कुरबुर करते, ऑफिसातली वरची बाई डोक्यावर बसते, बसून बसून आपली पाठ धरते, असं बरंच सांगत बसली. मी हं हं करत पत्ते पिसत होतो. सतरा मिनिटं गेली. प्रयोगाच्या दृष्टीने फुकट.

दोष विद्येचा नाही, सादरीकरणाचा आहे. मोठमोठे मनकवडे आधी नट असतात. अभिनय शिकायचा. ठरलं.

सोमवार, ३ फेब्रुवारी
दवाखान्याच्या मागच्या खोलीत मी कवळ्या बनवतो. एकोणीस वर्षं झाली. पुढे डॉक्टर लोकांना आ करायला लावतात आणि मागे मी त्यांच्या जबड्यांचे प्लॅस्टरचे साचे घेऊन बसतो. पेशंट मला कधी दिसत नाही, जबडा दिसतो. पण जबड्यावरून माणूस ओळखतो मी. झोपेत दात खाणारा कोण, एकाच बाजूने चावणारा कोण, बघताक्षणी सांगतो. म्हणजे अंगात मूळचंच आहे.

रिसेप्शनवरच्या बाईंवर प्रयोग केला. किलवर राजा? नाही म्हणाल्या. इस्पिक एक्का? नाही. बदाम राणी? नाही हो, मला कामं आहेत, म्हणाल्या. या बाई ऐन वेळी पत्ता बदलतात असा माझा दाट संशय आहे.

बुधवार, ५ फेब्रुवारी
अभिनयाचा क्लास, पहिला दिवस. इस्त्रीच्या दुकानावरचा हॉल. खालून वाफ येते. आम्ही अकरा जण, दहा जण माझ्या निम्म्या वयाचे. सरांनी जोड्या लावायला सांगितल्या. पाच जोड्या झाल्या, मी उरलो. सर म्हणाले, तुम्ही आज बसून बघा. पहिल्याच दिवशी निरीक्षकाची जागा! बाकीच्यांना जरा लागलंच असणार.

सर म्हणाले, उत्तर माहीत असलेला माणूस बघायला कंटाळा येतो, शोधणारा माणूस बघावासा वाटतो. मी हात वर करून सांगितलं की मी मनकवडा आहे. सगळे वळून बघायला लागले. मग सर म्हणाले, पत्ता पटकन सांगूच नका. थांबा. विराम घ्या. समोरच्याला वाटू दे की तुम्ही त्याच्याकडे येताय.

वहीत 'विराम' तीनदा लिहिलं. 'समोरच्याकडे' वगैरे लिहिलं नाही, ते नवशिक्यांसाठी होतं.

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ११.२०.
जमलं! जमलं! जमलं!

विराम घेतला. मनात सहा आकडे मोजले. मग खर्जात म्हटलं, लाल… लालसर काहीतरी येतंय. पुन्हा विराम. मग, बदाम… राणी? पलीकडे जरा शांतता. मग म्हणाली, बरोबर, बाबा!

उभा राहून स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या. खुर्ची पडली. फोन नऊ मिनिटं. घरमालकिणीचं पुन्हा काढलं होतं तिने, पण मी विषय विरामावर आणला.

बुधवार, १२ फेब्रुवारी
आज एक जण आला नव्हता म्हणून मला जोडीदार मिळाली. बँकेत काम करणारी एक मुलगी. समोरासमोर बसायचं, बोलायचं नाही, दोन मिनिटं एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका वेळ कोणी माझ्याकडे बघत बसल्याला बरेच दिवस झाले, हे एक कारण असू शकेल. पण मुख्य कारण इस्त्रीची वाफ.

सर म्हणाले, अभिनय म्हणजे निम्मं ऐकणं. निम्मं म्हणजे जरा अतीच.

रविवार, १६ फेब्रुवारी
इस्पिक एक्का. बरोबर. चार मिनिटं.

विद्या हातात येत चालली आहे. पहिल्या फटक्यात ओळखलं की वेळ वाचतो. पाठीचं काय झालं हे विचारायचं मनात होतं, पण तिला कुठेतरी जायचं होतं. पुढच्या वेळी.

गुरुवार, २० फेब्रुवारी
रिसेप्शनच्या बाई: चार प्रयत्न, चार चुका. विराम घेतला तर म्हणाल्या, तब्येत बरी आहे ना? त्यांचं मन जाड आहे. काही लोकांचं असतं. लेकीचं मन पातळ आहे, आणि रक्ताचं नातं आहे. शास्त्रीय कारण हेच.

रविवार, २३ फेब्रुवारी
मुद्दाम अवघड घेतलं. किलवर तिर्री! कोणी धरणारच नाही असा पत्ता. बरोबर म्हणाली! विराम संपायच्या आतच म्हणाली. दोन मिनिटं दहा सेकंद.

वहीत तक्ता काढला. एका बाजूला पत्ते, एका बाजूला मिनिटं. १७, ९, ४, २. रेघ कशी झरझर खाली येते. असा तक्ता कोणत्या मनकवड्याकडे असेल?

बुधवार, २६ फेब्रुवारी
आनंदाची बातमी. दवाखान्याला पंचवीस वर्षं होतात, पंधरा मार्चला हॉल घेऊन कार्यक्रम. डॉक्टर स्वतः मागच्या खोलीत आले. म्हणाले, तुम्ही काहीतरी जादू वगैरे करता ना? भाषणं आणि जेवण यांच्यामध्ये दहा मिनिटं आहेत. मी म्हटलं, जादू नाही, मनकवडेपणा. ते म्हणाले, तेच ते.

लेकीला बोलवायचं. पहिल्या रांगेत मधली खुर्ची. माझा बाप नुसता कवळ्या करत नाही, हे तिने एकदा डोळ्यांनी बघायलाच हवं. तिने आलंच पाहिजे. बाकी कोणी नाही आलं तरी चालेल. दोनशे पानं आहेत म्हणे.

(पानं जेवणाची. पत्त्यांची नव्हेत.)

रविवार, २ मार्च
चौकट गुलाम. बरोबर. कार्यक्रमाचं सांगितलं. बघते म्हणाली. एक मिनिट पाच सेकंद.

बघते म्हणजे येते. मनकवड्याला एवढंही कळू नये? माझ्या खोलीतली गादी उन्हात टाकली. ती इथे झोपेल, मी बाहेरच्या कॉटवर. डॉक्टरांच्या माणसाला सांगून खुर्चीवर चिठ्ठी लावायची: राखीव.

बुधवार, ५ मार्च
दुपारी मेसेज. सुट्टी नाही मिळत, सॉरी बाबा. पुढे हात जोडल्याचं एक चित्र.

जबड्यांना पॉलिश करत बसलो. एक कवळी जरा जास्तच घासली गेली. पुन्हा करावी लागेल.

संध्याकाळी ६.
पण हे तर फारच छान झालं! कसं सुचलं नाही आधी? ती हॉलमध्ये असती तर लोक म्हणाले असते, घरचीच आहे, आधी ठरवलं असेल. आता ती लांब, मी स्टेजवर, मध्ये नुसता फोन. मी आधी फळ्यावर पत्ता लिहायचा, दोनशे लोकांना दाखवायचा. मग तिला स्पीकरवर फोन. मी एक अक्षर बोलायचं नाही. तिनेच सांगायचं, आज मनात कुठला पत्ता आला. आणि तो तोच! छत उडेल.

खुर्ची मात्र राखीवच ठेवायला सांगितली. ऐन वेळी सुट्टी मिळते पुष्कळदा.

रविवार, ९ मार्च
बदाम दश्शी. बरोबर. अठ्ठेचाळीस सेकंद. उच्चांक.

शनिवारचं सगळं नीट समजावून सांगणार होतो, की या वेळी पत्ता तू सांगायचा आहेस, मी नाही. पण सवयीने आधी पत्ताच घेतला, ती बरोबर म्हणाली आणि फोन ठेवला गेला. शनिवारी सात वाजता फोन उचल, एवढा मेसेज टाकला. अंगठा आला.

बुधवार, १२ मार्च
सरांना कार्यक्रमाचं आमंत्रण दिलं. सर म्हणाले, मुलीबरोबर तालीम केलीत का? हसू आलं. मी तक्ता दाखवला. सरांनी तो बराच वेळ पाहिला. शेवटच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, अठ्ठेचाळीस सेकंदांत तुम्ही काय काय बोलता? मी म्हटलं, तोच तर चमत्कार आहे, सर. मग त्यांनी विराम घेतला. काय विराम घेतो हा माणूस! शिकण्यासारखं आहे.

रविवार, १६ मार्च. सकाळी.
काल लिहिलं नाही.

सात वाजता स्टेजवर गेलो. काळा कोट, इस्त्री क्लासच्या खालच्याच दुकानातली. सर तिसऱ्या रांगेत. राखीव खुर्चीवर डॉक्टरांच्या सासूबाई बसल्या होत्या, माझीच कवळी लावून. फळ्यावर लिहिलं, किलवर अठ्ठी. सगळ्यांना दाखवलं. फोन लावला. डॉक्टरांनी फोनपाशी माइक धरला. तिने उचलला, हॅलो बाबा म्हणाली. दोनशे माणसं चिडीचूप.

मी विराम घेतला. आयुष्यातला सगळ्यात मोठा. आता तिला म्हणणार होतो, सांग, मनात काय आहे.

आणि ती म्हणाली, बरोबर, बाबा, एकदम बरोबर! ठेवू का?

मी अजून काही बोललोच नव्हतो.

हॉलमध्ये हशा फुटला. इतकं हसू मी कधी ऐकलं नाही. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. टाळ्या थांबेनात. रिसेप्शनच्या बाई डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी पाठीवर थाप मारली, म्हणाले, काय टायमिंग, मला माहीतच नव्हतं तुम्ही विनोदी करता! पुढच्या वर्षी वीस मिनिटं. मी वाकून नमस्कार केला. हसू चेहऱ्यावर नीट धरून ठेवलं, जेवणं होईपर्यंत. अभिनय म्हणून चांगलाच झाला म्हणायचा.

सर हसले नाहीत. निघताना हात हातात घेतला.

दुपारी.
वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. लिहून टाकतो, वाचणारं कोण आहे.

ही होती तेव्हा लेकीला फोन हीच करायची. अर्धा अर्धा तास. काय बोलायच्या देव जाणे. शेवटी फोन माझ्याकडे यायचा, घ्या, बोला. मी म्हणायचो, बरी आहेस ना? आणि परत द्यायचो. ही गेली आणि फोन माझ्याकडे आला, आणि परत द्यायला कोणी नाही. काय बोलायचं ते सुचेना. म्हणून पत्ते काढले.

आज फोन केला नाही. तिचाही आला नाही. तिला वाटलं असेल, या आठवड्याचा कालच झाला.

बुधवार, १९ मार्च
क्लासला गेलो नाही. सहा साचे पूर्ण केले. रिसेप्शनच्या बाई स्वतःहून मागे आल्या, म्हणाल्या, धरलाय पत्ता, ओळखा. मी म्हटलं, राहू द्या.

रविवार, २३ मार्च. सकाळी ११.
फोन केला. तक्ता आणि पत्ते कपाटात.

हॅलो झालं. तिने वाट बघितली. मी पण. मग तीच म्हणाली, बाबा, पत्ता? मी म्हटलं, नको आज. पुन्हा शांतता. हा विराम मी घेतलेला नव्हता, तो नुसताच आला होता. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, खिडकीतून काय दिसतंय? म्हणाली, समोरची भिंत. मी म्हटलं, झाड होतं ना? म्हणाली, ते जुन्या घरी. घर बदललं, बाबा. तीन आठवडे झाले. सांगायचं होतं, राहून गेलं.

तीन आठवडे. मी इकडे मनात रोज त्याच झाडाखाली तिला बघत होतो.

मग धीर करून विचारलं, तू खरंच कधी पत्ता धरायचीस का गं? म्हणाली, सुरुवातीला धरायचे ना. पहिले तीन रविवार.

ते तिन्ही मी चुकलो होतो. वहीत आहे.

मी रागावलोय का, असं तिने विचारलं. नाही म्हटलं. मग मी म्हटलं, आता धर एक. खरा. ती म्हणाली, धरला. मी विराम वगैरे घेतला नाही, तोंडाला आलं ते सांगितलं. इस्पिक नव्वी.

नाही, म्हणाली. किलवर राणी? नाही, बाबा. चौकट पंजी? नाही हो, हसली, अजून सांगा. बदाम छक्की, इस्पिक गुलाम, किलवर एक्का. नाही, नाही, नाही.

सातवा आठवत होतो, तेवढ्यात तिच्या दाराची बेल वाजली. थांबा हं बाबा, म्हणाली, ठेवू नका.