वाचवलेली फेरी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त वीजमीटर तपासनीस, राहणार याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला घरात कोणी उरलेलेही नाही. सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करतो. त्यात पत्नीचे नाव पहिले होते.

१. माझी राहती जागा, दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, माझ्या एकुलत्या एक मुलीला पूर्ण मालकी हक्काने मिळावी. ती तिने विकावी, भाड्याने द्यावी किंवा नुसते कुलूप लावून ठेवावी. वकीलसाहेबांनी इथे "योग्य विनियोग करावा" असे घालायला सांगितले होते. मी घातलेले नाही. तिला योग्य काय ते सांगण्याचा माझा कोटा संपला आहे.

२. बँकेतील ठेवी व शिल्लकही तिलाच. ती रक्कम तिने प्रवासावर उडवली तरी माझी हरकत नाही.

३. माझी अवजारे, म्हणजे तारेभोवती धरायचा मीटर, पक्कड, पेचकसांचा संच व कचरा तोलायचा ताणकाटा, इमारतीच्या वायरमनला द्यावीत. मीटर थोडे जास्त दाखवतो. शंभराला दोन वजा करावेत, हे त्याला आठवणीने सांगावे.

४. कपाटातल्या आठ वह्यांविषयी. निवृत्त झाल्यावर मी या इमारतीतल्या अठरा घरांचा कार्बन फूटप्रिंट मोजायला घेतला. पत्नी त्याला सरळ "धूर" म्हणायची. "निघालात का धूर मोजायला?" दर महिन्याच्या एक तारखेला मी प्रत्येक दारात उभा राहून वीज, गॅस, पेट्रोल, प्रवास विचारत असे, कचऱ्याची बादली तोलत असे, सगळ्याचे किलो करून घरातल्या माणसांनी भागत असे. मग कमीपासून जास्तीपर्यंत यादी जिन्यात लावत असे. पहिले नाव आमचे असायचे. त्याचा मला फार अभिमान होता.

तळमजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांचे यजमान गेले, त्यानंतरही त्यांच्या घरातला दिवा तेवढाच जळला, पंखा तेवढाच फिरला, फ्रीज तेवढाच चालला. भागायला मात्र दोघांऐवजी एकच माणूस राहिले. माणशी आकडा जवळजवळ दुप्पट झाला, आणि मी त्यांचे नाव यादीच्या तळाशी नेऊन लाल खूण केली. बाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "काका, माझं काय चुकलं तेवढं सांगा, मी बंद करते." मी फ्रीज बंद करा म्हणालो. त्यांनी केला. दोन उन्हाळे त्या दिवसातून दोनदा दूध आणायला जात होत्या आणि मी खिडकीतून ते समाधानाने पाहत होतो.

माझा फ्रीज, चालू स्थितीत, त्यांना द्यावा. माफी मी तोंडी मागितली आहे. त्या "जाऊ द्या हो" म्हणाल्या, पण ती कागदावरही असावी.

वह्या जाळू नयेत. मोजणे चूक होते असे मी आजही म्हणणार नाही. हवा बिघडते आहे आणि ती आपल्याच घरांतून बिघडते आहे. पुढे कोणी मोजणार असेल तर जरूर मोजावे. यादी जिन्यात लावू नये. आणि एखाद्याचा आकडा वाढलेला दिसला, तर पेन उघडण्याआधी त्याच्या घरात जाऊन बसावे.

५. समोरच्या दारातले कंत्राटदार. त्यांनी माझी यादी एकदा सर्वांसमक्ष फाडली आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही श्वास सोडता त्याचे किती किलो होतात?" सात वर्षे मी त्यांच्याशी बोललो नाही. पत्नीला दवाखान्यात न्यायची वेळ आली तेव्हा त्यांचीच ती मोठी गाडी दारात उभी राहिली. त्यांच्याकडे चार एसी आहेत आणि ते मला अजूनही पटत नाहीत. त्यांना मी काही ठेवत नाही. भांडण मात्र मिटले असे धरावे.

६. हे कलम मुलीसाठी आहे.

ती विमानाने चौदा तासांवर राहते, पुलांची तपासणी करते. वर्षातून दोनदा यायची. तिसऱ्या वर्षी माझ्या मनात आले, की ती आपल्याकडे येते, तर तिचा प्रवास आपल्याच घराच्या नावे धरला पाहिजे. प्रामाणिकपणा म्हणून धरला. आमचे घर पहिल्यावरून एकदम तेराव्या क्रमांकावर गेले. ती आली त्याच दिवशी, बॅगेची चेन उघडत होती तेवढ्यात, मी वही तिच्यापुढे ठेवली.

"तुझ्या एका फेरीत आपल्या घराचं सव्वा वर्ष जातं."

ती आधी हसली. मग माझा चेहरा पाहून थांबली. "म्हणजे मी यायचं नाही का, बाबा?"

"तसं नाही. विचार कर, एवढंच म्हणतो."

आत पत्नीने नळ बंद केला आणि तिथूनच म्हणाली, "अहो, पोर आहे ती, पंखा नाही."

मुलगी माझी होती. तिने खरेच विचार केला. पुढच्या वर्षी एकदाच आली. त्यानंतर तीन वर्षे आलीच नाही. दर रविवारी फोन करायची. आमचे घर पुन्हा पहिले आले आणि पत्नी जिन्यातल्या यादीकडे न पाहता खाली उतरू लागली. ते माझ्या लक्षात आले होते. यादी मी लावतच राहिलो.

मग पत्नी आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, दोन महिने, कदाचित चार. दवाखान्यातल्या खाटेवरून ती म्हणाली, "तिला बोलवा ना."

मी म्हणालो, "आत्ता आली तर आठवड्याने परत जावं लागेल, आणि मग पुन्हा यावं लागेल. काय ते नक्की कळू दे, म्हणजे एकाच फेरीत होईल."

तिने चष्मा काढून उशाशी ठेवला. मग "बरं" म्हणाली. चार दिवसांनी तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच सांगितले. मुलीला फोनवर सांगितले, "आई ठीक आहे, घाईचं काही नाही."

एकोणीस दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, पत्नी गेली. मुलगी तिसऱ्या दिवशी पोचली. एकच फेरी झाली, माझ्या आखणीप्रमाणे.

त्या महिन्याचे पानही मी भरले होते. सवयीने हात चालला. प्रवासाच्या रकान्यात तिचे विमान, माणसांच्या रकान्यात एक. मुलीने ते पान वाचले, वही मिटली आणि विचारले, "आईनं मला बोलवायला सांगितलं होतं का?"

मी "नाही" म्हणालो.

ते उत्तर मी या मृत्युपत्राद्वारे रद्द करतो. तिने सांगितले होते. दोनदा. शेवटच्या दोन दिवसांत तिला बोलता येत नव्हते, पण दार वाजले की ती तिकडे मान वळवायची. नर्स आत यायची, आणि ती पुन्हा छताकडे पाहायची.

पत्नीच्या साड्या, चष्मा व हाताने लिहिलेली पाककृतींची वही मुलीची. यातल्या कशालाही मी हात लावलेला नाही.

७. वकीलसाहेबांचे म्हणणे, असा कबुलीजबाब मृत्युपत्रात बसत नाही. माझी अडचण वेगळी आहे. हे मी गेल्यावरच वाचले गेले, तर तिला माझ्याशी भांडताही येणार नाही. म्हणून याची एक प्रत मी आजच, जिवंतपणी, टपालाने तिला पाठवत आहे. यावे असे त्यात कुठेही लिहिलेले नाही, येऊ नये असेही नाही. ती फोन करून ओरडली तर मी घरीच आहे, ऐकेन. तिने फोन केला नाही, पुन्हा कधीच केला नाही, तरी वरील सर्व कलमे जशीच्या तशी लागू राहतील.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांच्या समक्ष सही केली. सहाव्या कलमाच्या शेवटी वाचन थोडा वेळ थांबले होते. त्याने मजकुरात काही फरक पडलेला नाही.

सही: निवृत्त मीटर तपासनीस

साक्षीदार पहिले: पहिल्या मजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक (सही)
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई (सही)

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ मार्च, सकाळी सव्वादहा