राक्षसाच्या घावाचा कडता

बाबा, आज माझ्या लेकीने विचारलं, "घाव लागला हे कळलं ना, मग पुन्हा फासे कशाला?" आणि तुम्ही आठवलात. हाच प्रश्न तुम्ही विचारला होता, दिवाळीच्या सुट्टीत, वसमतच्या आपल्या स्वयंपाकघरात. पुण्याच्या हॉस्टेलवर शिकलेला तो फाशांवरचा लढाईचा खेळ मी वहीत उतरवून आणला होता. तुम्ही योद्धा, मी राक्षस, दोघांनाही वीस-वीस जीव. "लागला तर लागला, परत काहून टाकून राहिली?" मी सांगितलं, पहिल्या वेळी घाव बसला का ते ठरतं, दुसऱ्या वेळी किती बसला ते, तेवढे जीव कमी. तुम्ही मोंढ्याच्या बाजारातले मापाडी, हळदीची पोती तोलण्यात जन्म गेलेला. लगेच मान डोलावलीत. "म्हंजे आधी सौदा, मंग माप. सरळ सांग ना!"

घोटाळा पुढे झाला. चिलखत असलं की घावातून दोन वजा होतात, हे ऐकून तुम्ही त्याला कडता म्हणायला लागलात, ओल्या किंवा मातकट हळदीच्या वजनातून कापतात तो. मग राक्षसालाही कडता हवा. "त्याच्या अंगाला माती न्हाई का? मापात दुजाभाव चालत न्हाई, माय." दोन तास आपण एकमेकांना कापतोय आणि कोणी मरतच नाही. शेवटी आई म्हणाली, "मेले असाल तर जेवायला या."

लहानपणी मी गंमत म्हणून वजनकाट्यावर पाय टेकवला होता. "काटा मारतीस?" असं चार हमालांदेखत तुम्ही ओरडलात, आठवडाभर मी मोंढ्याकडे फिरकले नाही. आणि त्या दिवाळीत कपाटावर तुमच्या छातीचा एक्स-रे पडला होता, नांदेडहून आणलेला. त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हतं. शेवटच्या डावात तुमचे पाच जीव उरले. मी वहीआड दोन फासे टाकले. "किती?" तुम्ही खोकला दाबत विचारताय. मला भीती वाटली, खरीखुरी. "सहा," मी म्हटलं. "दोन कडता, राहिले चार. एक जीव उरला!" तुम्ही मांडीवर थाप मारलीत, आणि दुसऱ्या दिवशी मोंढ्यात सगळ्यांना सांगितलंत, "राक्षस असून पोरगी बराबर तोलती!"

पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात. लेकीला आज मी बजावलं की फासे सगळ्यांसमोर टाकायचे. हे पत्र त्याच वहीत ठेवतेय. पत्ता असता तरी पाठवलं नसतं, तुम्ही पुन्हा ओरडला असतात. नऊ पडले होते, बाबा. मी काटा मारला.